प्राचीन कांस्य अलंकारांतील पशुसृष्टी

(द्वितीय वर्ष कला)

दागिना म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सोने उभे राहते, फार तर चांदी. तांबे, पितळ, कासे हे धातू आपण स्वयंपाकघराकडे आणि देवघराकडे लावून दिले आहेत. परंतु मानवाच्या इतिहासात असा एक दीर्घ कालखंड होऊन गेला की, ज्यात तांबे आणि कासे हेच अप्रुपाचे धातू होते. ज्या धातूची कुऱ्हाड होई, त्याच धातूचे कडेही होई. आणि त्या कड्याच्या टोकाला, टाचणीच्या माथ्यावर किंवा गळ्यातल्या पदकावर कारागिराने पुष्कळदा एखादा प्राणी बसवलेला असे. कधी सिंह, कधी रानबोकड, कधी हरीण, तर कधी मान मागे वळवलेले बदक.

ही कल्पना आपल्याकडेही अगदी मावळलेली नाही. पंढरपूरच्या विठ्ठलाच्या कानांत माशाच्या आकाराची मकरकुंडले आहेत. लहान मुलाच्या गळ्यात वाघनख बांधण्याची चाल आपल्या आजीपणजीच्या काळापर्यंत होतीच. दोन टोकांना सिंहाची तोंडे असलेली कडी सराफाच्या दुकानात आजही दिसतात. म्हणून हा विषय दूरचा वाटला तरी परका नाही.

प्रस्तुत लेखात प्रथम हे अलंकार कसे घडत याचा विचार केला आहे. त्यानंतर इराणमधील लुरिस्तान या प्रदेशातील अलंकारांची हकीकत आणि शेवटी आपल्या प्रवरा नदीच्या काठी सापडलेल्या वस्तूंची हकीकत सांगितली आहे. या दोन हकीकती शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. दागिना कसा घडला हे दागिना स्वतः सांगतो. परंतु तो कोणी घातला, कशासाठी घातला हे मात्र त्याच्या भोवतालची माती सांगते.

तांब्यापासून काशाकडे

शुद्ध तांबे सुमारे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. चुलीच्या जाळाने एवढी उष्णता मिळत नाही. त्यासाठी लोणारी कोळसा आणि फुंकणीचा किंवा भात्याचा वारा लागतो. शिवाय शुद्ध तांबे ओतायला अवघड. ते साच्यात नीट पसरत नाही, त्यात हवेचे बुडबुडे राहतात आणि थंड झाल्यावर वस्तू जागोजाग पोकळ निघते. ठोकून पत्रा करायला तांब्यासारखा धातू नाही. पण हरणाची बारीक शिंगे ओतायची तर ते दगा देते.

यावर माणसाला दोन उपाय सापडले. पहिला सोमलाचा, म्हणजे आर्सेनिकचा. काही खनिजांत तांब्याबरोबर हे द्रव्य असते आणि त्यातून निघणारे तांबे अधिक कठीण होते, ओतायलाही सोपे जाते. मात्र भट्टीवर त्याचा विषारी धूर निघतो. दुसरा उपाय कथिलाचा. आपल्याकडे कल्हईवाला भांड्याला आतून लावतो तेच हे कथील. ते अवघ्या २३२ अंशांना वितळते. तांब्याच्या नऊ भागांत एक भाग कथील मिसळले की कासे तयार होते. ते सुमारे हजार अंशांच्या आसपासच पातळ होते, साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात शिरते आणि थंड झाल्यावर तांब्याहून पुष्कळ कठीण बनते. पायाचे तळवे घासण्यासाठी आपण जी काशाची वाटी वापरतो तिच्यात कथिलाचे प्रमाण याहून बरेच जास्त असते. म्हणूनच ती टिचकी मारताच घंटेसारखी वाजते आणि हातातून पडली तर फुटतेही.

कथील सगळीकडे सापडत नाही. ते मिळवण्यासाठी दूरदूरचा व्यापार करावा लागे. तेव्हा काशाचा लहानसा दागिना अंगावर असणे ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. त्यात खाणीवाल्यापासून तांड्याच्या व्यापाऱ्यापर्यंत आणि कोळसा पाडणाऱ्यापासून ओताऱ्यापर्यंत अनेकांचे श्रम सामावलेले असत.

मेण जाते, धातू राहतो

आता ओतकामाचा विचार करू. दगडात किंवा मातीत खाच कोरून तिच्यात धातू ओतणे ही सोपी रीत. तिने कुऱ्हाड होते, छिन्नी होते, सपाट पदकही होते. पण ज्याला चार पाय आहेत, वळलेली मान आहे, मागे वाकलेली शिंगे आहेत असा प्राणी त्या खाचेतून बाहेर काढता येत नाही. काढू गेल्यास साचा तरी मोडतो किंवा प्राण्याचे पाय तरी मोडतात.

ही अडचण मेणाने सोडवली. कारागीर आधी मेणाचा प्राणी करतो. मेण बोटांच्या उबेने मऊ होते. त्याला चिमटा काढला की कान होतो, वळी करून चिकटवली की शिंग होते, नखाने रेघ ओढली की आयाळ दिसू लागते. मग त्यावर अगदी बारीक चाळलेल्या मातीचा पातळ लेप देतात. तो वाळला की जाड मातीचे थर चढवतात आणि एक भोक राखून ठेवतात. हा गोळा तापवला की आतले मेण वितळून भोकावाटे निघून जाते व त्याच्या आकाराची पोकळी मागे राहते. तिच्यात मुशीतला वितळलेला धातू ओततात. गोळा निवल्यावर माती फोडली की आतून धातूचा प्राणी निघतो. त्यावरची मेणातली नखाची रेघसुद्धा जशीच्या तशी असते.

या रीतीत साचा प्रत्येक वेळी फोडावाच लागतो. म्हणून मेण हाताने घडवले असेल तर कोणतेही दोन दागिने तंतोतंत सारखे निघत नाहीत. शिवाय धातू किती घ्यावा याचा हिशेबही करावा लागतो. तांबे मेणाच्या सुमारे नऊपट जड असते. तेव्हा मेण आधी तोलून घेतले म्हणजे मुशीत किती धातू टाकायचा ते कळते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या १२व्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मूर्ती ओतण्याची ही रीत वर्णिली आहे व मेण तोलून त्याच्या पटीत धातू घेण्यास सांगितले आहे. संस्कृतात मेणाला ‘मधूच्छिष्ट’ असा सुंदर शब्द आहे. मध काढून घेतल्यावर जे उरते ते मधूच्छिष्ट. बस्तर, ओडिशा व बंगाल या भागांतील ढोकरा कारागीर आजही याच रीतीने हत्तीघोडे ओततात.

ही विद्या किती जुनी असावी? बलुचिस्तानातील मेहरगढ येथे चाकाच्या आकाराचे एक छोटेसे तांब्याचे पदक मिळाले आहे. ते सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीचे आहे. २०१६ साली फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी विशेष प्रकाशकिरणांच्या साहाय्याने त्याचे परीक्षण प्रसिद्ध केले, तेव्हा ते मेणाच्या रीतीने एकाच वेळी ओतलेले होते हे दिसून आले. मेणाच्या रीतीने केलेल्या ज्या वस्तू आज ज्ञात आहेत त्यांतील ही सर्वांत जुन्यांपैकी एक होय. म्हणजे या रीतीचा एक अतिप्राचीन पुरावा राजाच्या भव्य मूर्तीत नाही. तो कोणा अनामिकाने अंगावर बाळगलेल्या नखाएवढ्या पदकात आहे!

पुढे सिंधू संस्कृतीत ही कला चांगलीच रुळली. मोहेंजोदडोची साडेदहा सेंटिमीटर उंचीची ‘नर्तिका’ आपण पाठ्यपुस्तकात पाहिलेली असते. तिचा डावा हात दंडापर्यंत बांगड्यांनी भरलेला आहे. पण त्याच नगरात काशाची एक टाचणीही मिळाली आहे. तिच्या माथ्यावर एकमेकांकडे पाठ केलेली दोन काळविटांची मुंडकी आहेत. केसांत खोवण्याच्या किंवा वस्त्र अडकवण्याच्या अशा प्राणिमुखी टाचण्या इराण व मध्य आशियातही मिळाल्या आहेत. त्यांचा सर्वांत मोठा साठा ज्या प्रदेशात निघाला, तिकडे आता वळू.

लुरिस्तानची हकीकत

इराणच्या पश्चिमेस झाग्रोस नावाची पर्वतरांग आहे. तिच्या दऱ्याखोऱ्यांत लुर लोक राहतात म्हणून त्या भागाला लुरिस्तान म्हणतात. इ.स.पू. १००० ते ६५० या सुमारास येथील कारागिरांनी काशाच्या अप्रतिम वस्तू घडवल्या. सिंहमुखी व बदकमुखी कडी, रानबोकडाच्या माथ्याच्या टाचण्या, घोड्याच्या लगामाच्या दोन्ही बाजूंना लावायचे पंख असलेले प्राणी, दोन हिंस्र पशूंना दोन हातांनी आवरून धरणारा पुरुष अशा कितीतरी आकृती त्यांत आहेत. मेण कसे चिमटले, कसे वळले हे त्यांच्याकडे पाहताच कळते. शिंगे अंगापेक्षा मोठी, कमर बारीक, मान धनुष्यासारखी वाकलेली. प्राणी जसा दिसतो तसा न करता जसा जाणवतो तसा केलेला आहे.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस या वस्तू एकाएकी बाजारात येऊ लागल्या. गावकऱ्यांना डोंगरउतारावर दगडी थडगी सापडली होती. त्यांतला काशाचा माल व्यापाऱ्यांच्या हाती पडला आणि तेथून तो पॅरिस, लंडन व न्यूयॉर्क येथील संग्राहकांकडे गेला. फ्रेया स्टार्क ही धाडसी इंग्रज लेखिका त्या सुमारास याच डोंगरांत हिंडली व तिने त्या प्रवासाचे वर्णन लिहून ठेवले आहे. मागणी वाढली तशी खणाखणी वाढली. खरा माल कमी पडू लागला तेव्हा खोटाही तयार होऊ लागला. कोठलीही काशाची प्राणिमुखी वस्तू दिसली की तिला ‘लुरिस्तानी’ म्हणण्याची रीत पडली.

याचा परिणाम काय झाला? जगातील मोठमोठ्या संग्रहालयांच्या कपाटांत हे अलंकार आज झळकत आहेत. पण त्यांतील बहुसंख्य वस्तूंबद्दल साध्या प्रश्नांचीही उत्तरे देता येत नाहीत. हे कडे स्त्रीच्या हातात होते की पुरुषाच्या? थडग्यात एक होते की जोडी होती? शेजारी कोणते मडके होते, की ज्यावरून काळ ठरवता आला असता? खणणाऱ्याने कडे तेवढे उचलले, मडके फोडून टाकले आणि हाडे उधळून दिली.

याउलट जेथे पद्धतशीर उत्खनन झाले तेथे काय कळले ते पाहा. १९३८ साली एरिक श्मिट यांच्या मोहिमेने लुरिस्तानातील सुर्ख दुम या ठिकाणी एका देवस्थानाचे अवशेष उकरले. तेथे काशाच्या टाचण्या थडग्यांत नव्हत्या. त्या देवस्थानाच्या भिंतींच्या सांध्यांत खोचलेल्या होत्या! म्हणजे ती टाचणी केवळ शृंगाराची वस्तू नव्हती, ती देवाला वाहिली जात होती. आपल्याकडे नवस फेडताना देवीला चांदीचे डोळे किंवा पाळणा वाहतात, त्याच जातीचा हा भाव असावा. बाजारात विकली गेलेली टाचणी हे कधीच सांगू शकली नसती. ते भिंतीने सांगितले. पुढे १९६५ ते १९७९ या काळात बेल्जियमच्या लुई व्हांडेन बर्घे यांनी याच प्रदेशातील अनेक दफनभूमी शास्त्रशुद्ध रीतीने खणल्या, तेव्हा कोठे काळाचा क्रम लागू लागला.

लुरिस्तानच्या गरीब शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. त्याला त्या खणण्यातून चार दिवसांची भाकरी मिळाली. मोठा नफा ज्यांनी मिळवला ते दूर होते आणि आपण काय विकत घेत आहो हे त्यांना पुरते ठाऊक होते.

प्रवरेच्या काठी

आता आपल्या घराकडे येऊ. प्रवरा नदीच्या काठचे नेवासे आपणा सर्वांना ज्ञानेश्वरीमुळे वंदनीय आहे. याच नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. तेथे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे एका लहान मुलाचे दफन मिळाले. त्या मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मणी साधेच होते, त्यांवर हरीण नाही की सिंह नाही. पण त्या मण्यांच्या आत माळेचा दोरा शिल्लक राहिला होता!

सूत मातीत टिकत नाही, हे आपण जाणतो. ते टिकले याचे कारण तांब्याचा गंज. तांब्यावर जो हिरवा थर चढतो त्यातील क्षार दोऱ्यात मुरले आणि त्यांनी दोऱ्याला कुजू दिले नाही. त्या दोऱ्याचे परीक्षण झाले तेव्हा त्यात रेशीम व कापूस असल्याचे आढळले. एका बालकाच्या गळ्यातील माळेने तीन हजार वर्षांपूर्वीच्या प्रवराकाठच्या सूतकताईची वार्ता आपल्यापर्यंत आणली. हे मणी कोणी उचलून घासूनपुसून ठेवले असते, तर ते ‘तांब्याचे काही मणी’ एवढेच राहिले असते.

त्याच नदीवर श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. हा अहमदनगरचा, म्हणजे २०२४ पासून अहिल्यानगर या नावाने ओळखला जाणारा जिल्हा. १९७४ साली तेथील छबू लक्ष्मण भिल यांना झाडाची मुळे खणताना चार वस्तू मिळाल्या. दोन बैल जुंपलेला व उभा सारथी असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आहे. रेडा व गेंडा चाकांवर उभे आहेत. हत्तीच्या खालची चाके मात्र नाहीशी झाली आहेत. चारही वस्तू भरीव ओतलेल्या असून त्यांचे एकत्रित वजन ६० किलोंहून अधिक भरते. हे अलंकार नव्हेत हे उघड आहे. परंतु मोहेंजोदडोच्या टाचणीवर काळविटाचे मुंडके ज्या विद्येने उमटले, तीच विद्या येथे थोरल्या मापाने प्रकट झाली आहे.

मात्र येथेही मातीचा प्रश्न उभा राहिलाच. या वस्तू उत्खननाच्या खड्ड्यात, ठरावीक थरात मिळालेल्या नाहीत. त्यानंतर डॉ. एस. आर. राव यांनी व पुढे १९७६ ते १९७९ या काळात श्री. सा. आ. साळी यांनी दायमाबादला उत्खनन केले. या विद्वानांनी व श्री. म. न. देशपांडे यांनी या वस्तू उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या. उलट डॉ. डी. पी. अग्रवाल यांनी शंका काढली. या धातूत आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे आणि त्या काळच्या आपल्याकडील इतर ताम्रवस्तूंत असे आढळत नाही, तेव्हा त्या पुष्कळ नंतरच्या असाव्यात, असे त्यांचे म्हणणे. बहुसंख्य अभ्यासकांचा कल पहिल्या मताकडे असला तरी शंकेला जागा राहिली. शेजारचे एखादे खापर, एखादा कोळशाचा तुकडा जागच्या जागी नोंदला गेला असता, तर हा वाद इतका लांबला नसता.

असे असले तरी लुरिस्तान आणि दायमाबाद यांत एक मोठा फरक आहे. दायमाबादच्या वस्तू मोडीत गेल्या नाहीत व परदेशीही गेल्या नाहीत. त्या आपल्या देशाच्या संग्रहालयांत आल्या. त्या कोठे सापडल्या ते गाव ठाऊक आहे आणि ज्याच्या हाताला त्या लागल्या त्याचे नावही ग्रंथांत नोंदलेले आहे. ज्याने त्या ओतल्या त्या कारागिराचे नाव आपल्याला कधी कळणार नाही; निदान ज्याने त्या उजेडात आणल्या त्याचे तरी कळले.

पांढरीची माती

हा विषय मी निवडला याचे कारण पुस्तकातले नाही. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. आमच्या गावाला जुनी पांढर आहे. ओसाड पडलेल्या वस्तीच्या टेकाडाला आपण पांढर म्हणतो. तिथली माती राखेने भुरकट झालेली व कसदार असते. म्हणून उन्हाळ्यात गाड्या भरभरून ती शेतात टाकतात. आजोबा सांगतात की, त्यांच्या लहानपणी या मातीत हिरवी पडलेली कडी, वाळे, मणी निघत. बायका ते चिंच लावून राखेने लख्ख घाशीत. बरे दिसले तर पोराच्या पायात घालीत, नाहीतर मोडवाल्याला देत. यात त्यांनी काही वावगे केले असे कोणालाच वाटत नसे, कारण त्यांना कोणी काही सांगितलेलेच नव्हते.

नेवाशाच्या माळेची माहिती वर्गात ऐकली तेव्हा मला ती चिंच आठवली. जो हिरवा थर आपण मळ म्हणून घासून टाकतो, त्यानेच तो दोरा तीन हजार वर्षे जपला होता.

१८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. १९७२ चा पुरावस्तूंविषयीचा कायदाही आहे. पण खेड्यातल्या माणसाला कायद्याचे नाव काढले की धास्ती वाटते. सरकारदरबारी हेलपाटे पडतील, चोरीचा आळ येईल, शेत अडकवून ठेवतील, असे त्याला वाटते आणि तो वस्तू गुपचूप दडवतो. ही भीती कायद्याच्या पुस्तकाने जाणार नाही. ती घरातल्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने नीट समजावून सांगितले तर जाईल.

आपल्या महाविद्यालयातील पुष्कळ विद्यार्थी माझ्यासारखेच खेड्यांतून येतात. प्रत्येकाच्या गावाला कोठे ना कोठे पांढर आहे. तेथे काही सापडले तर ते घासू नये, कोणत्या जागी व किती खोल मिळाले ते लिहून ठेवावे, शेजारचे खापरही जपावे आणि इतिहासाच्या प्राध्यापकांना दाखवावे. एवढे करायला पदवी लागत नाही. सणासुदीला घरी जाल तेव्हा हे आपल्या आजीला जरूर सांगा. चिंचेचे बोटुक तिच्या हातात असते, तेव्हा आधी तिलाच हे ठाऊक असले पाहिजे.